सांफाच्या 'लाहाई'मध्ये पश्चिम आफ्रिका नेमकी कुठे ऐकावी?

दूरदेशी

नमस्कार. माझे ऐकणे बहुतांशी हिंदुस्थानी कंठसंगीताचे आहे. त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक वाटला तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

गेल्या दिवाळीत लंडनला शिकणारी माझी भाची घरी आली होती. तिने मला सांफा या ब्रिटिश गायक-निर्मात्याचा 'लाहाई' हा २०२३ सालचा अल्बम ऐकवला. पहिल्या ऐकण्यात मनात राहिला तो त्याचा आवाज. बारीक, किंचित खरखरीत, वरच्या पट्टीत गेला की आता चिरतो की काय अशी धास्ती वाटावी आणि नेमका त्याच जागी तो हळुवार व्हावा, असा तो आवाज आहे. त्याच्या खाली पियानो, सिंथेसायझर आणि अतिशय द्रुत, तुकड्यातुकड्यांनी वाजणारे ड्रम्स आहेत. मला ते संगीत फार आवडले, हे आधी सांगतो, म्हणजे पुढच्या शंकेचा गैरसमज होणार नाही.

शंका अशी की, या अल्बमविषयी जे जे वाचले त्यात 'इलेक्ट्रॉनिक सोल आणि पश्चिम आफ्रिकेच्या पारंपरिक संगीताचा, विशेषतः मालीच्या वासुलू गायनाचा मिलाफ' असे वर्णन आढळते. ते वाचून मी कोरा हे तंतुवाद्य, जेंबे हा ढोल असे काहीतरी ठळकपणे ऐकू येईल या अपेक्षेने पुन्हा ऐकायला बसलो आणि चार वेळा ऐकूनही मला तसे काही सापडले नाही. आपल्याकडे मिलाफाच्या नावाखाली जे चालते ते ऐकून माझे कान थोडे सावध झालेले आहेत. ड्रम मशीनवर चार मिनिटे गाणे चालते, मध्येच सतारीचा एक तुकडा येतो, तबल्याची एक तिहाई होते, आणि त्याला संगम म्हटले जाते. तेव्हा केवळ वर्णनावर विसंबून 'हो, पश्चिम आफ्रिका आहे' असे मानायला मन तयार नाही. त्याच वेळी, मला ऐकू येत नाही म्हणून ते तिथे नाहीच, असे म्हणणेही अन्यायाचे होईल; कारण ज्याने कधी ख्याल ऐकला नाही त्याला दोन तानांमधला फरक सांगता येत नाही, आणि इथे मी त्या जागी आहे.

तर या संगीतात पश्चिम आफ्रिका खरोखर आहे का, आणि असल्यास ती कुठे ऐकावी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुनी तबकडी

प्रश्न फार चांगला मांडला आहे. संगीताच्या घडणीविषयी इथे इतर कोणी माझ्यापेक्षा अधिकाराने लिहील, म्हणून मी माणसाविषयी लिहितो.

सांफा लाहाई सिसे याचा जन्म १९८८ सालचा, दक्षिण लंडनमधल्या मॉर्डन या उपनगरातला. आईवडील सिएरा लिओनहून आलेले, पाच भावांत हा धाकटा. तो तीन वर्षांचा असताना वडिलांनी घरी पियानो आणला, आणि त्या पियानोवर त्याने पुढे '(नो वन नोज मी) लाइक द पियानो' हे गाणे केले, तेही बहुधा तुमच्या भाचीने ऐकवले असेल. वडील १९९८ साली कर्करोगाने गेले, आई २०१५ साली गेली, तीही कर्करोगानेच. 'प्रोसेस' हा त्याचा पहिला पूर्ण अल्बम २०१७ साली आला तो या दुःखाच्या सावलीतला आहे, आणि ब्रिटनमधले त्या वर्षीचे मर्क्युरी पारितोषिक त्यालाच मिळाले. त्याआधी अनेक वर्षे तो दुसऱ्यांच्या गाण्यांतला आवाज म्हणून ओळखला जात होता. सबट्रॅक्ट, ड्रेक, सोलांज यांच्या ध्वनिमुद्रणांत तो आहे, आणि नंतर केंड्रिक लमारच्याही. दुसऱ्याच्या गाण्यात चार ओळी गाऊन ते गाणे आपले करून टाकणारे गायक थोडे असतात. तो त्यांतला आहे, असे माझे मत.

आता तुमच्या प्रश्नाशी जोडलेली गोष्ट. 'लाहाई' हे त्याचे मधले नाव आहे, आणि ते त्याच्या आजोबांचे नाव आहे. हा अल्बम तो स्वतः बाप झाल्यानंतरचा आहे. आजोबांचे नाव वर लिहिलेले आणि आत मुलीच्या जन्मानंतरचे विचार, ही मांडणी मला सहज झालेली वाटत नाही. 'सिसे' हे आडनावही पाहण्यासारखे आहे. सिसे, सिसी, सेसे अशा वेगवेगळ्या उच्चारांनी हे एकच कुळनाव गांबिया, माली, गिनी, सिएरा लिओन या सगळ्या देशांत पसरलेले आहे. देशांच्या सीमा इंग्रज आणि फ्रेंचांनी आखल्या. ही कुळे त्यांच्या कितीतरी आधीची. म्हणून 'हा तर सिएरा लिओनचा, मग मालीचे संगीत याचे कसे' असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर नकाशावर शोधू नये.

'प्रोसेस'च्या वेळी खलील जोसेफ यांनी त्याच नावाचा एक छोटा चित्रपट केला होता, तो मॉर्डन आणि सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाऊन या दोन ठिकाणी चित्रित झालेला आहे. अल्बमच्या आधी तो पाहिलात तर बरे होईल. माझ्या बाबतीत तरी, त्यातला फ्रीटाऊनचा प्रकाश पाहिल्यानंतर गाणी निराळी ऐकू येऊ लागली.

काळी पाच

मी पेटीवादक आहे, साथ करतो. पंधराएक वर्षांपूर्वी मालीचे कोरावादक तुमानी दियाबाते यांचे 'काइरा' हे १९८८ सालचे एकल कोरावादन माझ्या हाती आले आणि तेव्हापासून कोरा हे वाद्य माझ्या मनातून गेलेले नाही. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तुम्ही वाद्य शोधत आहात, आणि तिथेच वाट चुकते आहे असे मला वाटते. सांफाच्या संगीतात पश्चिम आफ्रिका वाद्याच्या रूपाने फार थोडी आहे. ती रचनेच्या रूपाने आहे. ती रचना कळण्यासाठी आधी कोरा काय करतो ते पाहावे लागेल.

मोठा भोपळा अर्धा कापून त्यावर गाईचे कातडे ताणलेले असते. त्यातून लांब दांडी जाते, आणि घोडीच्या दोन बाजूंना मिळून एकवीस तारा असतात. पूर्वी त्या कातड्याच्या असत, आता मासेमारीच्या नायलॉन दोरीच्या असतात. वाजवणारा वाद्य स्वतःकडे तोंड करून धरतो आणि दोन अंगठे व दोन तर्जनी अशा फक्त चार बोटांनी वाजवतो. अंगठे प्रामुख्याने खर्ज सांभाळतात, तर्जनी वरचे स्वर. 'काइरा'त एकच माणूस एकाच वेळी वाजवतो आहे, मागाहून काहीही चढवलेले नाही, हे ठाऊक असूनही मला पहिल्या दिवशी तीन माणसे ऐकू आली होती.

त्या तीन माणसांतला पहिला जे वाजवतो त्याला मांडिंका भाषेत कुम्बेन्गो म्हणतात. हे लहानसे आवर्तन असते, ते फिरत राहते. आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरतात, तसे हे काम आहे. लेहरा धरणाऱ्याला लोक दुय्यम समजतात, पण तो हलला तर सगळे कोसळते, हे मी स्वतः अनेक मैफलींत बसून अनुभवलेले आहे. दुसरा माणूस मधूनमधून वरून खाली सांडणाऱ्या सुरांच्या झडी वाजवतो, त्याला बिरिमिन्तिन्गो म्हणतात. आणि तिसरा असतो तो गाणारा; 'काइरा'सारख्या निव्वळ वादनात त्याचीही ओळ तारांवरच येते. खालचे आवर्तन झपझप फिरत असते, पण गाणारा घाईत नसतो. तो उंच स्वरावर सुरुवात करतो, लांब ओळ घेतो, आणि सावकाश खाली उतरतो. द्रुत पायावर विलंबित गळा, अशी ही मांडणी आहे.

आता 'स्पिरिट २.०' हे 'लाहाई'मधले गाणे पुन्हा लावा. सुरुवातीला सिंथेसायझरवर चमकत्या सुरांचे लहान आवर्तन फिरू लागते. ते सजावटीसाठी नाही. ते कुम्बेन्गो आहे. त्यावर सांफाचा आवाज येतो तो लांब ओळींनी, आणि ड्रम्स येतात ते द्रुत. हे ड्रम्स मात्र लंडनचे आहेत. जंगल नावाचा जो प्रकार नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या कृष्णवर्णीय तरुणांनी घडवला, त्यात जुन्या तबकड्यांवरचे ड्रम्सचे तुकडे कापून, वेग वाढवून पुन्हा जोडलेले असत. त्या प्रकारातही खाली दुप्पट वेगाचे ड्रम्स आणि वर संथ आवाज अशीच मांडणी असते. कोऱ्याची घडण आणि जंगलची घडण यांचा सांधा जुळतो तो इथे. सांफाने दोन परक्या गोष्टी चिकटवलेल्या नाहीत. लंडनमध्ये वाढलेल्या, आणि घरात आफ्रिकी गाणे असलेल्या मुलाच्या कानात त्या दोन्ही आधीच शेजारी शेजारी होत्या, असे मला वाटते. या गाण्यावर युसुफ डेज यांचे ड्रमवादन आहे, म्हणजे तुकडे कापून जोडल्यासारखे जे वाटते ते प्रत्यक्ष हातांनी वाजवलेले आहे. तबलजींनी ते एकदा अवश्य ऐकावे.

'डान्सिंग सर्कल्स'मध्ये हेच काम पियानो करतो. तिथे पियानो गाण्याला साथ देत नाही. तो ठोके देतो. पियानो हे शेवटी हातोड्यांनी तारांवर आघात करणारे वाद्य आहे, हे इतक्या उघडपणे फार थोडे लोक ऐकवतात.

प्रत्यक्ष कोऱ्याचा नाद ऐकायचा असेल तर 'प्रोसेस'मधले 'कोरा सिंग्ज' ऐका. ते आईला उद्देशून आहे. त्यात तारांचे फिरते आवर्तन समोर आहे, म्हणून नवख्या श्रोत्याने तिथून आरंभ करावा आणि मग 'लाहाई'कडे यावे. सहा वर्षांत तारा दिसेनाशा झाल्या आणि आवर्तन राहिले, हा प्रवास मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट, लयीची. मांडे, म्हणजे मांडिंका आणि त्यांच्या नात्यातल्या लोकांच्या, परंपरेतल्या पुष्कळ रचनांत तीनाचा आणि दोनाचा भाग एकाच वेळी चालतो. आपण ज्याला आड म्हणतो, म्हणजे दोन मात्रांत तीन, ती आपल्याकडे लयकारी म्हणून मुद्दाम दाखवली जाते आणि तिला दाद मिळते. तिथे ती दाखवायची गोष्ट नाही. ती जमीन आहे. अंगठा दोन मोजतो, तर्जनी तीन मोजते, आणि ऐकणाऱ्याने कोणत्याही एका बाजूला पाय ठेवावा. असे ऐकण्याची सवय झाली की सांफाचा आवाज ठेक्याच्या किंचित आधी किंवा नंतर का पडतो याचा उलगडा होऊ लागतो.

स्वरांविषयीही एक सांगण्याचा मोह होतो. कोरा लावण्याच्या ज्या चार प्रमुख पद्धती आहेत त्यांतल्या सौता या पद्धतीत मध्यम चढा असतो. पहिल्यांदा ऐकताना मला थेट यमन आठवला.

दूरदेशी

जुनी तबकडी आणि काळी पाच, दोघांचेही मनापासून आभार. लेहऱ्याच्या उपमेने माझ्यासाठी दार उघडले. काल रात्री 'स्पिरिट २.०' ऐकताना मी आवाजाकडे लक्ष न देता केवळ त्या फिरत्या आवर्तनाकडे लक्ष दिले, आणि गाणे आतून दिसू लागल्यासारखे झाले.

तरी एक अडचण उरते, ती विचारतो. मी थोडे वाचले त्यावरून कोरा हे जेली किंवा ग्रिओ म्हणवणाऱ्या घराण्यांचे वाद्य आहे. दियाबाते, कुयाते, सिसोखो अशा आडनावांच्या कुळांत ते बापाकडून मुलाकडे जाते, आणि राजांच्या वंशावळी, लढायांचे आख्यान हे सगळे त्यांच्या मुखी असते. आपल्याकडे गोंधळ घालणारी घराणी किंवा वंशावळ वाचणारे भाट होते, त्यांच्यासारखेच हे वाटते. मग ज्याने त्या घराण्यात जन्म घेतला नाही, कोणा जेलीकडे बसून विद्या घेतली नाही, त्याने ती रचना उचलून सिंथेसायझरवर ठेवली, तर परंपरेच्या दृष्टीने त्याला काय म्हणावे? मी हे दोष देण्यासाठी विचारत नाही. घराण्याच्या गाण्यावर वाढलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

काजूगर

इथे मी सहसा वाचण्यापुरताच येतो, पण या प्रश्नावर लिहिणे भाग आहे.

आमचा वेंगुर्ल्याला काजूप्रक्रियेचा व्यवसाय आहे. कोकणातली बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतून कच्चा काजू आणावा लागतो, आणि त्यात आयव्हरी कोस्टचा वाटा फार मोठा आहे. त्या निमित्ताने २०१३ ते २०१८ या वर्षांत दर हंगामाला, फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत, मी त्या देशाच्या उत्तरेला कोर्होगोच्या परिसरात राहत होतो. बी पाहायची, ओलावा मोजायचा, पोती भरून बंदराकडे लावायची, आणि उरलेला वेळ वाट पाहण्यात जायचा. त्या वाट पाहण्यात मी जे ऐकले त्यावरून सांगतो.

दूरदेशी, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या परंपरा एक झाल्या आहेत. कोरा आणि जेली ही एक परंपरा. वासुलू ही दुसरी, आणि तुमच्या शंकेचे उत्तर या दुसरीत आहे.

वासुलू हा मालीच्या दक्षिणेचा, गिनी आणि आयव्हरी कोस्टला लागून असलेला प्रदेश. तिथे शिकाऱ्यांचे एक जुने वाद्य आहे, दोन्सो न्गोनी. तेही भोपळ्याचे आणि सहा तारांचे असते, पण ते शिकाऱ्यांच्या समाजाचे, त्यांच्या विधींचे वाद्य. कोणीही हातात घ्यावे असे नाही. गेल्या शतकाच्या मध्याला तिथल्या तरुणांनी त्याची लहान, चढ्या आवाजाची आवृत्ती केली आणि ती नाचगाण्यात आणली. तिचे नाव कामालेन्गोनी, म्हणजे तरुणांची न्गोनी. वडीलधाऱ्यांना हे रुचले नव्हते, असे मला तिथे एकाहून अधिक वृद्धांनी सांगितले. या वाद्यावर जे गायन उभे राहिले ते वासुलू गायन, आणि ते गाणाऱ्यांत स्त्रिया अग्रभागी आहेत. त्या जेली नाहीत. त्यांना कोनो म्हणतात, म्हणजे पक्षी. पक्ष्याला गाण्यासाठी वंश लागत नाही. जेली कोणाच्या तरी वतीने, कोणाच्या तरी कुळाविषयी गातो. कोनो स्वतःच्या मनाने, आपल्या भोवतालच्या जगण्याविषयी गाते.

वासुलू गायिका उमू सांगारे यांचा 'मुसोलू' हा पहिला अल्बम त्यांच्या एकविसाव्या वर्षी ध्वनिमुद्रित झाला. शीर्षकाचा अर्थ 'स्त्रिया'. बहुपत्नीत्व, मुलींची लहान वयात लावलेली लग्ने, बाईचे मन, असे विषय त्यांनी उघडपणे गायले आणि त्या कॅसेटच्या दोन लाखांहून अधिक प्रती खपल्या. कोर्होगोला जाणाऱ्या बसमध्ये, मी ज्या वर्षांविषयी लिहितो आहे तेव्हाही, चालक ती गाणी लावत असे. त्या भागात जुला भाषा चालते, ती मालीच्या बाम्बाराच्या इतकी जवळची आहे की बसमधल्या बायकांना शब्द कळत आणि त्या मागून ओळ धरत. गायिका एक ओळ म्हणते आणि मागचा मेळ तिला उत्तर देतो, हीच तर त्या गाण्याची घडण आहे. एकदा एका थांब्यावर तीन वेळा उकळलेल्या हिरव्या चहाचे छोटे पेले फिरत असताना एक पोरगा कामालेन्गोनी वाजवत बसला होता. सहाच तारा, पाचच स्वर, अंगठे आणि तर्जनी, आणि मधूनच भोपळ्यावर हाताचा आघात. तो अर्धा तास एकच आवर्तन वाजवत होता आणि मला त्याचा कंटाळा आला नाही. कारण दर फेरीला त्यात केसाएवढा फरक होता, हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

सांफाने उमू सांगारे यांच्याविषयीचे आपले प्रेम मुलाखतींतून सांगितलेले आहे. त्यांच्या 'मोगोया' या २०१७ सालच्या अल्बममधली गाणी पुढे अनेक निर्मात्यांनी नव्याने बांधली, त्यांत सांफाही आहे. म्हणजे त्याने जेलींचा वारसा सांगण्याचा हक्क मागितलेला नाही. ज्या परंपरेत शिकाऱ्यांचे वाद्य तरुणांनी उचलले आणि वंशाचा परवाना नसलेल्या बायका गाऊ लागल्या, त्या परंपरेकडे तो वळला आहे. सिंथेसायझरवर न्गोनीची चाल धरणारा लंडनचा मुलगा मला तरी त्या कामालेन्गोनी करणाऱ्या पोरांच्या रांगेतलाच वाटतो.

'लाहाई'मधले मागचे आवाज नीट ऐका. मुख्य ओळ संपते आणि मागून दुसरे आवाज तिला धरतात. 'स्पिरिट २.०'मध्ये इबेयी या जुळ्या बहिणींचा सहभाग आहे. मला त्या ठिकाणी दर वेळी ती बस आठवते.

रानपाखरू

काजूगर यांनी लिहिलेले फार आवडले. काळी पाच यांच्या एका वाक्याला मात्र नम्रपणे हरकत घेते. सौतामधला मध्यम चढा असतो हे खरे, पण त्यावरून यमनचे नाव घेणे मला धोक्याचे वाटते. राग हा स्वरांच्या यादीने होत नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. शिवाय कोऱ्याच्या स्वरांच्या जागा पेटीच्या पट्ट्यांवर बसत नाहीत आणि वादकागणिक त्या थोड्या सरकतातही. आपल्या ओळखीचे नाव मिळाले की कान निश्चिंत होतो आणि ऐकणे थांबते. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती, ती अशाच एका प्रश्नावरून ना? स्वरांच्या बारीक जागा पेटीला दाखवता येत नाहीत, असे म्हणणे होते. ती बंदी चूक होती असे मी मानते, पण प्रश्न खरा होता, आणि सिंथेसायझरवर कोऱ्याची घडण आणताना तो पुन्हा उभा राहतो. यंत्राच्या सुरांत ती जागा हरवते. सांफाच्या संगीतात ती परत येते ती त्याच्या गळ्यातून. त्याचा आवाज पियानोच्या स्वरांच्या मधल्या फटींत राहतो, म्हणून खालचे यंत्र मला बोचत नाही.

दुसरे असे की, हे सांफापासून सुरू झालेले नाही. मोरी कांते हे गिनीतल्या जेली घराण्यात जन्मलेले. त्यांनी १९८७ साली 'येके येके'मध्ये कोरा आणि विजेवर चालणारी वाद्ये एकत्र आणली आणि ते गाणे पुढच्या वर्षी युरोपभर गाजले. मालीचे इसा बागायोगो कामालेन्गोनी वाजवत, त्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बामाकोतल्या स्टुडिओत ड्रम मशीनसह ध्वनिमुद्रणे केली आणि लोक त्यांना टेक्नो इसा म्हणू लागले. जुन्या घराण्याचा माणूस आणि खेड्यातून आलेला माणूस, दोघांनीही यंत्र आपल्या हाताने उचलले. 'परंपरेला यंत्र लावले' हे वाक्य ऐकले की यंत्र लावणारा बाहेरचा असेल असे आपण गृहीत धरतो, ते बरोबर नाही.

मोरी कांते यांचे नाव घेतले ते आणखी एका कारणासाठी. या धाग्यावरच्या प्रत्येकाने पश्चिम आफ्रिकेचे संगीत आधीच ऐकलेले आहे. 'थानेदार'मधले 'तम्मा तम्मा' आणि 'हम'मधले 'जुम्मा चुम्मा' ही दोन्ही गाणी मोरी कांते यांच्या 'येके येके'वाल्याच अल्बममधल्या गाण्यांवरून घेतलेली आहेत. 'तामा' हे त्यातल्या एका गाण्याचे नाव, आणि काखेत धरून दाबत वाजवण्याच्या, बोलल्यासारखा चढउतार काढणाऱ्या तिथल्या ढोलाचेही ते नाव. शाळेत असताना गणपतीसमोर आम्ही त्या गाण्यावर नाचलो आहोत. ते एका जेलीचे गाणे आहे हे मला कळले त्याला वीस वर्षे लागली, आणि त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटले. गाणे आमच्यापर्यंत आले याचे नाही. गाणाऱ्याचे नाव वाटेत गळून पडले याचे. अल्बमवर आजोबांचे नाव घालणारा आणि उमू सांगारे यांचे नाव आपणहून घेणारा सांफा मला या कारणानेही जवळचा वाटतो.

काळी पाच

रानपाखरू यांची हरकत मान्य. यमनचे नाव मागे घेतो. खरे सांगायचे तर मी पेटीवर सौता वाजवण्याचा प्रयत्न अनेकदा केला आहे, आणि प्रत्येक वेळी काहीतरी निसटते हे जाणवूनही तुलना लिहून बसलो.

दूरदेशी, ऐकण्याचा क्रम विचारला नसलात तरी सुचवतो. आधी 'काइरा', रात्री, एकट्याने. मग 'मुसोलू', तेव्हा मागच्या मेळाकडे लक्ष ठेवून. मग 'कोरा सिंग्ज', आणि शेवटी 'लाहाई' सलग, मध्ये न थांबता. सांफाच्या मैफलींची चित्रणे मिळाली तर तीही पाहा. एका गाण्यात सगळे वादक आपापली वाद्ये सोडून मध्यभागी एकाच ढोलसंचाभोवती जमतात आणि मिळून वाजवतात. गातो तोही त्यांच्यातच असतो.

दूरदेशी

सुचवलेला क्रम पाळला. त्याला नऊ दिवस लागले, कारण 'मुसोलू'पाशी मी चार दिवस थांबलो. भाषा कळत नाही, तरी मागचा मेळ ओळ उचलतो त्या क्षणी दर वेळी अंगावर काटा येत होता, म्हणून पुढे जाववेना.

काल संध्याकाळी 'लाहाई' सलग ऐकला. या वेळी मी कोरा शोधला नाही. तळहात गुडघ्यावर ठेवून आधी दोन मोजत बसलो, मग तीन मोजू लागलो, आणि पहिल्या गाण्यात ते जमले नाही. 'डान्सिंग सर्कल्स'पर्यंत येताना हात आपोआप चालू लागला होता. शेजारच्या खोलीतून पत्नी पाहायला आली, कारण तिला वाटले मी टाळ धरून बसलो आहे.

भाचीला आजच पत्र लिहितो आहे. तिला फ्रीटाऊनच्या त्या चित्रपटाविषयी आणि काजूगर यांच्या बसविषयी सांगायचे आहे. आणि काजूगर, एक विनंती: त्या थांब्यावरच्या मुलाचे अर्ध्या तासाचे वादन तुम्ही कदाचित भ्रमणध्वनीवर मुद्रित केले असेल, तर ते इथे ऐकायला मिळेल का?

काजूगर

केले होते. चार मिनिटांचेच आहे आणि शेवटी बसचा भोंगा वाजतो. त्या मुलाचा पत्ता माझ्याकडे नाही, त्यामुळे त्याला विचारल्याशिवाय इथे घालणे मनाला पटत नाही. पुढच्या महिन्यात कोर्होगोचा आमचा जुना मुकादम वेंगुर्ल्याला येणार आहे. तो त्याच गावचा. त्याच्याकरवी विचारून घेतो आणि मुलाचे नावही विचारतो.